हिरवा दोरा

पोतं माझ्या पायांशी ठेवलं होतं आणि त्यातून काहीतरी पाझरत होतं. जीप सोनगिरवाडीच्या रस्त्याला लागली तसं प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या नडगीवर कलंडायचं, मी पायाने ढकलायची, ते पुन्हा यायचं. वास असा, की बोलायला तोंड उघडलं तर जिभेवर बसावा. कुजक्या वांग्याला एक गोडसर, ओशट वास असतो. शेजारी माझी मैत्रीण प्रणोती ओढणी नाकाशी धरून बसली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी आमचे धनवडे सर इस्त्रीचा सफारी घालून खिडकीबाहेर बघत गुणगुणत होते.

एका मोठ्या खड्ड्यात पोत्याचं तोंड सैल झालं आणि एक अळी बाहेर पडून माझ्या चपलेच्या पट्ट्यावर चढली. गुलाबी, लठ्ठ, डोकं तपकिरी. मी ती झटकली आणि सरांना विचारलं, हे कशाला घेतलंय. सर मान न वळवता म्हणाले, "प्रदर्शनाला, बाळा. किडीचे नमुने."

नमुन्याला बाटलीत चार वांगी पुरतात, पोतंभर कशाला, असं माझ्या मनात यायला हवं होतं. पण माझं लक्ष सगळं माइककडे लागलेलं. त्या दिवशी सोनगिरवाडीत आमचा शेतकरी दिन होता, पुण्याहून कृषी खात्याचे मोठे साहेब येणार होते, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील. आम्ही कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी मुलींना एक हंगाम खेड्यात राहायला पाठवतात, गाव त्यांना कृषीकन्या म्हणतं. माझा आवडीचा विषय विस्तार शिक्षण. म्हणजे कॉलेजात जे कळतं ते शेतकऱ्याला पटेल अशा भाषेत सांगायचं, आणि नुसतं सांगायचं नाही, त्याच्या रानात करून दाखवायचं. मला हे फार थोर काम वाटायचं. शिवाय माझा आवाज बरा होता. रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमाला निवेदिका हवी होती, आणि तिथे शिफारस सर करणार होते. मला दुसरं काही नको होतं.

करून दाखवायला आम्हाला रान दिलं इंदूआक्का खिलारेंनी. आक्कांचा नवरा पुण्यात वॉचमन होता. रान विकायचं आणि तूही पुण्याला चल, असा त्याचा धोशा होता. आक्कांनी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. वांगी चांगली आली तर रान राहील, आक्का राहतील. नाही आली तर गाठोडं बांधायचं, असं नवराबायकोत ठरलेलं. हे आक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात भाकरी थापताथापता सांगितलं होतं, रडगाणं म्हणून नाही, सहज. माझ्याकडून काय हवं ते करून घे, पण वांगी जगली पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वांग्याची खरी वैरीण म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिच्यावर सरांनी स्वतः एक अर्क तयार केला होता. त्या अर्काची एक फिल्म करायची होती, ती दाखवून सरांना कसलासा पुरस्कार मिळणार होता. म्हणून आक्कांच्या रानाचे दोन भाग केले. एका भागावर अर्क फवारायचा, तो प्रात्यक्षिक प्लॉट. दुसऱ्याला काही म्हणता काही करायचं नाही, तो कंट्रोल. बिनऔषधाचा तुकडा किडला म्हणजे औषधाचा तुकडा किती चांगला ते लोकांना दिसतं. दोन्हींकडे आम्ही रंगवलेल्या पाट्या ठोकल्या. आक्का त्या कंट्रोलला सावत्र तुकडा म्हणायच्या. तिकडून जाताना मान फिरवून जायच्या.

त्याच हंगामात मी गावातल्या बायकांना एक साधी गोष्ट शिकवली होती. अळी आधी शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. तो दिसला की तिथेच खुडायचा, पिशवीत भरायचा आणि रानाबाहेर नेऊन जाळायचा. किडकं फळ रानात ठेवायचं नाही, कारण अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडते, मातीत शिरते, पाखरू होऊन वर येते आणि त्याच रानावर अंडी घालते. मी हे इतक्या वेळा सांगितलं की बायका माझी नक्कल करायच्या. आक्का सगळ्यांत भारी करायच्या, मान वाकडी करून, माझ्यासारखं बोट नाचवून.

शेतकरी दिनाच्या आदल्या आठवड्यात सर पाहणीला आले आणि बांधावरच थबकले. सावत्र तुकडा सख्ख्याइतकाच तजेलदार उभा होता. उलट झाडं थोडी बुटकी पण वांगी जास्त. सरांनी मला विचारलं, इकडे फवारणी झाली का. मी नाही म्हणाले. आक्का मागे उभ्या होत्या, पदराचं टोक चाळवत. शेवटी त्यांनीच सांगितलं.

"फवारलं न्हाय सर. पर शेंडा वाळल्याला दिसला की हातच ऱ्हाईना. खुडत गेले. ह्या पोरीनंच शिकिवलंया."

मला त्या क्षणी आक्कांना मिठी मारावीशी वाटली. आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की शेतकऱ्याने शिकवलेली गोष्ट आपण होऊन केली, कुणी सांगितलं नसताना केली, की विस्ताराचं काम झालं. त्याला अवलंब म्हणतात. परीक्षेत मी त्याच्या पायऱ्या दहादा लिहिल्या होत्या, प्रत्यक्षात पहिल्यांदा बघत होते. मी सरांना तसं म्हटलंसुद्धा, जीभ अगदी उत्साहाने सुटली. सर हसले. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "अवलंबाचा फोटो निघत नाही, बाळा."

मला वाटलं, विनोद केला.

तर जीप त्या सकाळी आक्कांच्या रानाशी थांबली. मांडव बांधलेला, खुर्च्या मांडलेल्या, स्पीकरवाला तारा जोडत होता. आक्का घरी स्वयंपाकाला होत्या. पाहुण्यांना आपल्याच रानातली भरली वांगी घालायची असा त्यांचा हट्ट होता. ड्रायव्हरने पोतं उतरवलं आणि प्रदर्शनाच्या टेबलाकडे न नेता सरळ कंट्रोलच्या पाटीपाशी नेऊन ओतलं. किडकी, मऊ पडलेली, भोकं पडलेली वांगी घरंगळत सरीत गेली. त्यांतल्या काहींवर बुरशी होती. सर खिशातून काहीतरी काढत आले. दोऱ्याचं रीळ होतं, नवंकोरं, हिरव्या दोऱ्याचं.

"झाडाला एकेक लावा. देठाजवळ बांधा, पानाआड. फिल्ममध्ये दिसता कामा नये."

दोरा झाडाच्या रंगाला जुळावा इतका विचार या माणसाने केला होता. घरी, बहुधा चहा पिता पिता, बायकोच्या शिलाईच्या डब्यात हात घालून. इतका विचार त्याने त्या बाईच्या पिकाचा एकदाही केला नव्हता. पोत्याच्या वासाने जे झालं नव्हतं ते त्या रिळाने झालं. मी बांधाच्या पलीकडे जाऊन ओकले.

परत आले तेव्हा प्रणोती बांधायला लागली होती. मी सरांना म्हटलं, मी हे करणार नाही. अळ्या रानात पसरतील. त्या सकाळी सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "नको करूस. तू तोंड धू, पाणी पी. तुला माइकवर बोलायचंय, आवाज जपायला हवा."

मी प्रणोतीचा हात धरला. तिने माझ्याकडे न बघता गाठ मारली आणि म्हणाली, "संध्याकाळी सगळी काढून टाकू. कशाला तमाशा करतेस? एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"अळी संध्याकाळपर्यंत थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

तिने पुढचं वांगं उचललं. ती हुशार मुलगी होती, अळीचं जीवनचक्र तिने माझ्यापेक्षा चांगलं पाठ केलेलं. सरांनी तर त्यावर प्रबंध लिहिला होता. तिथे एकही माणूस अडाणी नव्हता, याचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली. चुकून झालं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

मी आक्कांच्या घरी धावत गेले. चुलीपाशी चारपाच बाया, मधे आक्का, हात मसाल्याने माखलेले. बाहेर ओट्यावर त्यांचा नवरा दत्तूभाऊ बसला होता. खास पुण्याहून आलेला, नवा शर्ट, बायकोचं रान बघायला साहेब येणार म्हणून ऐटीत. मी आक्कांना परसात नेऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. हातातला मसाला बोटांवर वाळत चालला होता.

मी म्हटलं, चला, आत्ता काढू या सगळी. त्यांनी ओट्याकडे पाहिलं.

"पावनं दारात आल्यात, पोरी. ह्येबी आल्यात. जेवनं होऊं देत. माझ्या घरी आल्याल्या मान्साचा पानउतारा मला करवायचा न्हाय."

"आक्का, तोवर अळ्या मातीत जातील."

"जाऊं देत. पावनं गेल्यावर बगू."

आणि त्या परत चुलीपाशी गेल्या.

साहेब आले, हारतुरे झाले. मी माइकवर स्वागत केलं, आवाज लागला होता छान. मग सगळा लवाजमा प्लॉट बघायला निघाला. कॅमेरावाला पुढे, सर त्याच्याबरोबर. प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये कौतुक झालं. मग कंट्रोलमध्ये आल्यावर सरांनी आवाज पाडला, दुखवट्याला आल्यासारखा, आणि म्हणाले, बघा, उपाय केला नाही तर काय होतं. साहेबांनी च् च् केलं. दत्तूभाऊ गर्दीत मागे होता. तो आदल्या संध्याकाळीच हे रान हिंडून आला होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. काल धड होतं ते आज असं कसं, बायकोने आपल्याला काय दाखवलं, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

सरांनी मला खुणावलं, एक फळ तोडून लोकांना दाखव. मी पुढे झाले. वांगं धरलं, पान बाजूला केलं आणि गाठ वर करून माइक तोंडाशी आणला.

"हे फळ या झाडाचं नाही. याला दोरा बांधलाय. सगळ्यांना बांधलाय. आज सकाळी बांधलाय."

स्पीकर चांगला होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. साहेबांनी वाकून दोरा पाहिला, बोटाने छेडला, आणि हसले. खो खो नाही, समजूतदारपणे. म्हणाले, "अहो, प्रात्यक्षिक म्हटलं की एवढं चालायचंच. लोकांना कळलं पाहिजे, मुद्दा तो आहे. मुलगी चुणचुणीत आहे, धनवडे." सर म्हणाले, "आमचीच विद्यार्थिनी." बाकीचे हसले. कॅमेरावाल्याने विचारलं, हे कापायचं ना, सर म्हणाले, अर्थात. आणि सगळे जेवायला गेले.

मी खरं बोलले होते, माइकवर बोलले होते, आणि ते त्यांनी ढेकर दिल्यासारखं पचवलं. भरली वांगी सगळ्यांना आवडली. साहेबांनी दोनदा मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर आक्का पदर खोचून रानात उतरल्या. मीही होते. आम्ही दोरे तोडत गेलो, फळं पिशवीत टाकत गेलो. बरीचशी हलकी लागत होती. उलटून पाहिलं की देठाखाली नाहीतर पोटाला मोठं, स्वच्छ भोक. आतली वैरीण निघून गेलेली. आक्का प्रत्येक भोक बघत होत्या. बांधावर दत्तूभाऊ पाठ करून विडी ओढत बसला होता.

फिल्मला आवाज द्यायला सरांनी सोमवारी बोलावलं, जणू काही घडलंच नव्हतं. मी गेले नाही. प्रणोती गेली. रेडिओची शिफारसही तिचीच झाली, आणि ती पुढे चांगली निवेदिका झाली, हेही सांगायला हवं. मला तोंडी परीक्षेत सरांनी एकच प्रश्न विचारला, संवादातले अडथळे कोणते. मी उत्तर दिलं नाही.

महिन्याभरात सोनगिरवाडीला पाखरं उडायला लागली. आधी सावत्र तुकडा बसला, मग सख्खा. अर्काचं तिथे काही चाललं नाही. पुस्तकात असतं तसंच, पायरी न चुकता, सगळं झालं. आमचा मुक्काम संपत आला होता. आक्का रोज खुडायच्या, आम्ही खुडायचो, आणि रोज आणखी शेंड्यांनी मान टाकलेली दिसायची. शेवटी दत्तूभाऊ आला आणि त्याने झाडं उपटायला माणसं लावली.

त्याच आठवड्यात कॉलेजात कार्यक्रम झाला. सरांना पुरस्कार मिळाला होता, त्यानिमित्त फिल्म दाखवायची होती, आणि प्रगतशील महिला शेतकरी म्हणून इंदूआक्कांचा सत्कार होता. आक्का येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. हिरवी इरकल नेसून, डोक्यावरून पदर, कडेला फडक्याने झाकलेली टोपली. फिल्ममध्ये प्रणोतीचा गोड आवाज सांगत होता, नियंत्रण प्लॉटची मात्र ही दुर्दशा. आक्का व्यासपीठावर बसून पडद्याकडे बघत होत्या, स्वतःचं रान पहिल्यांदा बघितल्यासारखं.

शाल झाली, नारळ झाला. आक्कांनी टोपली उचलली आणि सरांपुढे धरली. म्हणाल्या, माझ्या रानातली वांगी हायती, सरांसाठी आणल्यात. सभागृह हेलावलं. फडकं काढलं तर वर जांभळी, चकचकीत वांगी. एरवी कुणी म्हणालं नसतं की यांना काही झालंय. मी पुढच्या रांगेत होते, मला देठाजवळ अळी आत शिरल्याचे बारीक, बुजलेले ठिपके दिसले.

आक्कांनी कमरेच्या पिशवीतून चाकू काढून सरांच्या हातात दिला. "कापून दावा की सर. शिवारात दावलं हुतं तसं."

सरांना कल्पना आवडली. फोटोवाला पुढे झाला, म्हणाला, सर, जरा वर धरा. सरांनी वांगं वर धरलं, हसले आणि चाकू घातला. फ्लॅश पडला. मग दोन फाका उघडल्या. आत काळा चिखल होता, त्यात गुलाबी अळ्या.

आक्का माइककडे झुकल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुमचीच हाय ती अळी, सर. दोऱ्यानं बांधून दिलेली. माझ्याकडं ऱ्हायली हुती, म्हणलं परत करावी."

प्रणोती निवेदनाच्या टेबलाशी उभी होती, कागद हातात, तोंड उघडं. आणि मग सवयीने, केवळ सवयीने, तिच्या तोंडून निघालं, "जोरदार टाळ्या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, चांगल्या कडकडून.

मी आक्कांना गाठलं ते एसटी स्टँडवर. दत्तूभाऊ तिथे दोन गाठोडी आणि एक पेटी घेऊन बसला होता. गाडी सोनगिरवाडीची नव्हती, पुण्याची होती. सत्काराची शाल आक्कांनी गाठोड्याला आवळायला वापरली होती. मला बघून त्यांनी मान वाकडी केली, बोट नाचवलं आणि माझी नक्कल केली, "किडकं दिसलं की तितंच खुडायचं." आणि मग एकदम हसणं थांबलं.

"तू आली हुतीस सांगाया. म्याच थांबिवलं तुला. पावन्यांची लाज राखली, पोरी. रानाची न्हाय राखली."

गाडी लागली आणि त्या चढल्या.

गेल्या वर्षी कुठल्याशा कामाने त्या कॉलेजात जाणं झालं. विभागाच्या व्हरांड्यात सरांचा तो फोटो अजून आहे, मोठा केलेला, सोनेरी चौकटीत. खाली लिहिलंय, शेतकऱ्यांच्या विश्वासाची पावती. सर हसताहेत, वांगं वर धरलेलं, चाकू नुकताच आत गेलेला. मुलंमुली त्याच्याखालून वर्गात जातात. मी जवळ गेले, चष्मा लावला. सफारीच्या बाहीवर, बटणाच्या जरा वर, एक गुलाबी ठिपका आहे. वीस वर्षांत कुणी इतक्या जवळ जाऊन पाहिलेलं दिसत नाही.